तज्ज्ञांनो, पैऱ्याला या

कृष्णाकाठ, ता. पलूस, जि. सांगली

परदेशातून आलेल्या आक्रमक वनस्पती, किडी आणि माशांवर संशोधन करणाऱ्या, त्यांच्या बंदोबस्ताचे आराखडे आखणाऱ्या सर्व तज्ज्ञ मंडळींस,

स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की माझ्या दोन्ही हातांना मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठतं. आधी बारीक लाल पुटकुळ्या, मग खाजवून खाजवून कातडी जाड, काळपट होते आणि कोंड्यासारखी सोलते. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "भांगलायला जाता का?" हो म्हटलं, रानातलं तण काढायला जाते. "मग गाजर गवत," ते म्हणाले. मलम लिहून दिलं आणि सांगितलं, त्या गवतापासून लांब राहा. मला हसू आलं. आमच्या बांधाला गाजर गवत, ओढ्याला गाजर गवत, शाळेच्या मागं, देवळाच्या पुढं, पाणंदीच्या दोन्ही अंगांना गाजर गवत. लांब म्हणजे कुठं जायचं, पुण्याला? पुण्यातच तर त्याची नोंद झाली, १९५० च्या दशकात.

मी कोण ते सांगते. अडीच एकर ऊस, थोडी हळद, दोन म्हशी. माहेर जत तालुक्यातलं, म्हणजे पाण्याच्या बाबतीत जिल्ह्याचं दुसरं, कोरडं टोक. लग्नाआधी सांगलीत वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. त्याचा उपयोग एवढाच झाला की जे तण उपटते त्याचं शास्त्रीय नाव मला ठाऊक असतं. पार्थेनियम हिस्टेरोफोरस. नाव घेतल्यानं ते लवकर उपटत नाही, पण शेजारणींना गंमत वाटते. त्या त्याला चटकचांदणी म्हणतात. काँग्रेस गवतही म्हणतात. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून आलं अशी त्या नावामागची कथा. त्याच्या कितीतरी आधीचे वाळवलेले नमुने सापडल्याचं काही अभ्यासक सांगतात. ते कुठून आलं हा वाद तुम्ही खुशाल घाला. आमच्या बांधावर ते आहे, यावर वाद नाही.

तुमचं शास्त्र खोटं आहे असं म्हणायला हे पत्र लिहीत नाही. २०२३ साली आयपीबीईएसचा, म्हणजे जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाचा, अहवाल आला. माणसानं इकडून तिकडं नेलेल्या ३७,००० हून जास्त प्रजाती जगभर रुजल्या आहेत आणि त्यांतल्या साडेतीन हजारांवर प्रजाती नुकसान करतात, असं त्यात आहे. मला हे आकडे खरे वाटतात. उलट त्यातली एक गोष्ट तुम्ही पुरेशी मोठ्यानं सांगत नाही असं वाटतं: दहातली एक त्रास देते, बाकीच्या नऊ गपगुमान राहतात. आमच्या दुपारच्या भाकरीवरची मिरची परदेशी, खर्ड्यातला शेंगदाणा परदेशी, टोमॅटो परदेशी, म्हशीला घालतो तो मका परदेशी. ज्या शाळूवर आम्ही एवढे जीव टाकतो त्याचेही पूर्वज आफ्रिकेतले. गावात भाषण करायला उभं राहिलं की तुमच्यातले काही जण "परकीय" या शब्दावर असा जोर देतात की मागं बसलेल्या पोरांना झाडाऐवजी माणसं आठवायला लागतात. तेवढं जरा सांभाळा. आमचं भांडण परक्याशी नाही, हातपाय पसरणाऱ्याशी आहे.

आता तक्रार. मागं एका वर्षी आमच्या गावात गाजर गवत निर्मूलनाची मोहीम झाली. देशभर १६ ते २२ ऑगस्ट हा जागृती सप्ताह असतो, त्यातला एक दिवस आमच्या वाट्याला आला होता. कोणत्या कार्यालयाची मोहीम ते लिहीत नाही. माणसं चांगली होती, उन्हात आली होती. शाळेमागच्या मोकळ्या जागेत बॅनर धरून फोटो झाला. मग शाळेतल्या पोरांनी आणि आम्ही बायकांनी गवत उपटलं. हातमोजे आले होते सहा, माणसं होती चाळीसभर. मोजे फोटोतल्या लोकांना मिळाले. गवत कंबरेएवढं वाढलेलं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं, खालच्या फुलांचं बी झालेलं. ते उपटून उघड्या ट्रॉलीत भरलं आणि ट्रॉली गावातून, पाणंदीतून, थेट नदीच्या उतारापर्यंत गेली. तिथं ओतली. पुढच्या जूनमध्ये त्या ट्रॉलीचा रस्ता मला डोळे झाकून दाखवता आला असता. शाळेपासून नदीपर्यंत पाणंदीच्या दोन्ही कडांना कोथिंबिरीच्या वाफ्यासारखी रोपं उगवली होती.

हे गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. एका झाडाला दहा-पंधरा हजार बी सहज धरतं. जूनच्या पहिल्या पावसात उगवलेलं रोप महिना-सव्वा महिन्यात फुलावर येतं. म्हणजे ऑगस्टच्या मध्याला आपण जातो तेव्हा त्याच्या पोराबाळांची बारशी झालेली असतात. वरातीमागून घोडं ही म्हण आपल्याकडं आहेच; इथं घोडं नुसतं मागून येत नाही, ते वाटेनं बी सांडत जातं. सप्ताहाची तारीख साऱ्या देशासाठी एकच ठेवण्यात काही सोय असेल. पण तासगावच्या द्राक्षबागायतदाराला डाऊनी रोगाचा इशारा मोबाईलवर येतो: उद्या ढगाळ आहे, पानं ओली राहतील, आज फवारा. मग "तुमच्याकडं पाऊस होऊन तीन आठवडे झाले, गवत अजून फुलायचं आहे, याच आठवड्यात उपटा" एवढा निरोप जुलैमध्ये यायला काय हरकत आहे? रोप वीतभर असताना दोन बोटांत येतं, जमीन ओली असते, मूळ सुटतं, अंगालाही कमी लागतं. तेच ऑगस्टमध्ये दोन्ही हातांनी ओढावं लागतं आणि परागकण नाकात जातात.

तुम्ही मनावर घेतलं तर काय होतं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून एवढ्या हक्कानं बोलते.

लग्न होऊन मला एकच वर्ष झालं होतं. २००२ चा पावसाळा. मामंजी सकाळी रानात जाऊन आले आणि पाय धुवायच्या आधी म्हणाले, "उसाला काय तरी बुरा आलाय." जाऊन बघते तर पानांच्या खालच्या अंगाला कापूस चिकटवल्यासारखा पांढरा थर. बोट लावलं की पीठ हाताला यायचं आणि खाली फिकट हिरवे मावे चिकटून बसलेले दिसायचे. वरच्या पानातला चिकटा खालच्या पानावर गळायचा, त्यावर काजळी धरायची. बघता बघता हिरवा फड चुलीवरच्या तव्यासारखा काळवंडला. लोकरी मावा. ईशान्येकडं तो आधीपासून होता. दक्षिणेत त्याचा पहिला मोठा उद्रेक झाला तो आमच्या सांगली जिल्ह्यात, त्या जुलैत. तिथून सातारा, कोल्हापूर, पुणे, पुढं कर्नाटक. तो काही परदेशी नव्हता, पण आमच्या उसाला नवखाच होता आणि त्याला खाणारं आमच्या रानात तेव्हा पुरेसं कुणी नव्हतं.

सुरुवातीला सगळ्यांनी औषधं मारली. पाठीवर पंप घेऊन डोक्याच्या वर गेलेल्या आडसाली उसात शिरून बघा एकदा. पाचट गालाला कापतं, वरून औषध आपल्याच अंगावर गळतं आणि मावा तर पानाच्या खाली. आमच्या शेजारचे एक काका फडातच चक्कर येऊन पडले होते. पैसा गेला, मावा राहिला.

मग तुमच्यातली माणसं आली. विद्यापीठातली होती, ऊस संशोधनातली होती, कारखान्याच्या शेतकी खात्यातली होती. त्यांतल्या एकानं सरीत उकिडवं बसून पान उलटं केलं आणि माव्याच्या थरात जाळं करून बसलेली एक मळकट अळी दाखवली. म्हणाले, "हिला ओळखून ठेवा. ही डिफा. ही मावा खाते. जिथं ही दिसेल तिथं पंप नेऊ नका." मग मायक्रोमस दाखवला, तोही मावा खाणाराच, तपकिरी, जाळीदार पंखांचा, नखाएवढा. आम्हाला काम सोपं दिलं होतं: ज्याच्या उसात डिफा आहे त्याच्या उसातली पानं अळीसकट कापायची आणि ज्याच्या उसात नुसता मावा आहे तिथं नेऊन पानाला पान बांधायचं. आम्ही बायकांनी पाटीत ओलं फडकं अंथरून ती पानं वाहिली. या गावातून त्या गावात, सोयरिकीला जावं तसं. कारखान्यांनी शेडनेट उभारून त्यात डिफा वाढवली. आसामातून एनकार्सिया नावाची, माव्यावरच जगणारी बारीक माशी आणून सोडली, तीही इथं टिकली. दोन-तीन वर्षांत मावा आटोक्यात आला. आजही कुठं कुठं दिसतो. कुणी घाबरत नाही. पान उलटं करून डिफा आहे का बघतात आणि पुढं जातात. सातवी शिकलेल्या माझ्या जाऊबाईंना ती अळी ओळखता येते.

आमच्याकडं याला पैरा म्हणतात. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात. पैसा हातात येत नाही, पण कोण किती दिवस आलं हे सगळ्यांना पाठ असतं. तेव्हा तुम्ही तुमचं शिक्षण आणलंत, आम्ही आमचे पाय आणि पाट्या आणल्या.

त्यानंतर असा पैरा मला दिसला नाही. २०१८ साली मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडं चार ठिपके चौकोनात. २०१६ पासून ती आफ्रिकेत धुमाकूळ घालत होती, मे २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली, सप्टेंबरपर्यंत आमच्या जिल्ह्यात मक्यावर आणि उसावरसुद्धा. पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जातो म्हणे. कबूल, त्याला कुणी अडवू शकत नाही. पण निरोप पतंगापेक्षा वेगानं जायला हवा होता. मे ते सप्टेंबर चार महिने होते. आम्हाला कळलं ते पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांत, अळीनं पाडलेला भुसा दिसल्यावर.

आणि गाजर गवताचा भुंगा? मेक्सिकोतला झायगोग्रामा तुम्ही आणलात, १९८४ मध्ये बंगळुरूला सोडलात. पांढरट अंगावर काळ्या वळणदार रेषा, तुरीच्या दाण्याएवढा. मध्यंतरी तो सूर्यफुलाची पानं खातो म्हणून गदारोळ झाला, मग तो निवळला. आमच्या ओढ्याला तो आहे. कुणी सोडला माहीत नाही, आपल्या पायानं आला असेल. चांगला खातो, जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या नुसत्या काड्या ठेवतो. पण हिवाळा लागला की जमिनीत शिरतो आणि पुढचा पाऊस होईपर्यंत वर येत नाही. तुमच्या प्रयोगाच्या कोरडवाहू माळावर हे चालत असेल, कारण तिथं गवतही तेव्हा वाळतं. आमच्या बागायत पट्ट्यात पाटाचं पाणी बारा महिने, त्यामुळं गवत बारा महिने. भुंगा झोपलेला असताना हळदीत, खोडव्यात ते फुलून मोकळं होतं. ही अडचण कुणी येऊन बघितली आहे का? गेल्या वर्षी माझ्या शेजारणीनं ओढ्याकडेचे भुंगे वांग्यावर येतील या भीतीनं फवारून मारले. डिफा ओळखणारी बाई ती. डिफा तिला कुणी दाखवली होती, भुंगा दाखवला नव्हता, एवढाच फरक.

तुमच्या पुस्तिकेत आणखी एक उपाय असतो, मोकळ्या जागी तरोटा पेरा, तो गाजर गवताला दाबतो. दाबतो, मी पाहिलंय. पण त्यासाठी वापरतात त्यातली एक जात, सेन्ना युनिफ्लोरा, स्वतःच अमेरिकेतली. एका पाहुण्याला हुसकायला दुसरा पाहुणा! मी नाही म्हणत नाही. तो पुढं काय करणार आहे हे मात्र आधी सांगून ठेवा.

कारण आम्हाला अनुभव आहे. १९८० च्या दशकात सुबाभळीचं वारं होतं. वैरण, सरपण, कागदाचा लगदा, सगळं एका झाडात. मामंजींनी फुकट मिळालेली रोपं बांधाला लावली. आज एक शेंग वाळून तडकली की बांधाखाली मेथीसारखी रोपं उगवतात, बुंधा तोडला की चार फुटवे येतात. म्हशीला जास्त घालू नका हेही मागाहून कळलं. त्यातल्या मिमोसिननं जनावराचे केस गळतात. साताऱ्याकडं जाताना डोंगर फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी दिसतात, ती गिरिपुष्पाची कृपा. आपल्याकडं त्याचं नाव उंदीरमारी. लोक फोटो काढून चेरी ब्लॉसम म्हणून फिरवतात. उजाड डोंगर लवकर हिरवा करायला ते लावलं, जनावर सहसा तोंड लावत नाही म्हणूनही लावलं. आता तुमच्यातलेच लोक सांगतात की त्यानं देशी झाडांची जागा धरली. नदीतली चिलापी मासळी १९५२ साली देशात आणली, तीही उत्पन्न वाढावं म्हणून. आता जाळ्यात वेगळं काही लागलं तर कोळी शेजाऱ्याला हाक मारून दाखवतो.

तेव्हाच्या लोकांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. माझी अपेक्षा फार छोटी आहे. कुणीतरी तज्ज्ञानं गावच्या चावडीत उभं राहून म्हणावं, "ही रोपं आम्हीच वाटली होती, तेव्हा आम्हाला कळलं नाही." आजवर ऐकलं नाही. उलट आम्हालाच विचारतात, "तुमच्याकडं एवढी सुबाभूळ कशी माजली?"

जलपर्णीचं तर विचारूच नका. उन्हाळ्यात बंधाऱ्यांना पाणी तुंबलं की हिरवा गालिचा दिसतो, वर जांभळी फुलं. पाहुणे खूश होतात. मग यंत्र येतं, कडेला ढीग घालतं, पाऊस आला की ढीग पुन्हा नदीत. भुंगे तिच्यासाठीही आहेत, १९८० च्या दशकात आणलेले, साठलेल्या तळ्यांवर त्यांनी कामही केलंय. पण कृष्णेला २०१९ सारखा, २०२१ सारखा महापूर आला की जलपर्णीही जाते आणि भुंगेही जातात. वरून पुन्हा येते ती एकटी जलपर्णी. आणि ती खाते काय? आमच्या गावांचं, शहरांचं सांडपाणी आणि रानातून वाहून आलेला युरिया. त्याबद्दल तुमच्या आराखड्यात शेवटी एक ओळ असते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. यात आम्हीही गुन्हेगार आहोत, उसाला युरिया आम्हीच फेकतो, हे मला मान्य आहे.

आता माहेरचं. जतला वेडी बाभूळ. पूर्वेकडच्या कानडी बोलणाऱ्या गावांत तिला बळ्ळारी जाली म्हणतात. देशात आणून लावली त्याला जवळपास दीडशे वर्षं होतील. ती गाळपेरात शिरते, ओढे बुजवते, काटा टायरमधून आरपार जातो. शेळ्या शेंगा खातात आणि लेंडीतून बी आणखी पसरतं. सगळं खरं. पण माझ्या आईची चूल तिच्यावर चालली. पाऊस झाला नाही त्या वर्षी भाऊ तिचाच कोळसा पाडून विकायचा. सरपण तिचं, कुंपण तिचं, शेळीच्या तोंडाला लागणारी उन्हाळ्यातली शेंग तिची. गॅस आला, पण भरलेली टाकी किती घरांत महिनाभर पुरवून पुरवून वापरतात ते बघायला तुम्ही दुपारी या, अकरा वाजता नको.

त्या भागात एकदा एका अधिकाऱ्यानं पोकलेन लावून ओढ्याची वेडी बाभूळ मुळासकट काढली. ओढा मोकळा झाला, पाणी खळखळलं, चार दिवस सगळे खूश. पुढच्या पावसाळ्यात त्या मोकळ्या काठावर तिचीच रोपं आली, आधीपेक्षा दाट. कारण काढल्यावर तिथं काय लावायचं, ते कोण राखणार, शेळ्या कुठं चरणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं. आई म्हणाली, "झाड काढलं, पण जागेला मालक दिला नाही." तुमच्या भाषेत याला पुनर्स्थापना की काहीतरी म्हणतात. तिला तो शब्द येत नव्हता.

कासचं थोडक्यात लिहिते, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. माझी मुलगी साताऱ्यात असते. सप्टेंबरमध्ये तिनं रस्त्याकडेच्या केशरी-पिवळ्या फुलांत उभं राहून काढलेला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "कासची सोनकी." ती सोनकी, म्हणजे पठारावरचं आपलं पिवळं रानफूल, नव्हती; मेक्सिकोचा कॉसमॉस होता. २०१२ साली जागतिक वारशात गेलेलं पठार ते. ज्याच्या नावातच सातारा आहे तो वायतुरा तिथं फुलतो, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. आणि माझ्या पोटच्या पोरीला सोनकी ओळखता येत नाही. चूक तिची की माझी, ते आम्ही घरात बघू. पण कॉसमॉसच्या बियांची पाकिटं दुकानात उघड मिळतात. २०२२ च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात आक्रमक परदेशी प्रजातींचा उल्लेख आला, त्यांच्यावर बंधन घालायचा अधिकार केंद्राला मिळाला. त्या अधिकाराची वाट बघत बसण्यापेक्षा त्या पाकिटावर, "हे बी डोंगरावर टाकू नका" एवढं छापून घ्या. दुकानदार ऐकतील, तुम्ही सांगितलंत तर.

आणि मजुरीचं. तुमच्या शिफारशीत "हाताने उपटून नष्ट करावे" असं एक वाक्य असतं. ते हात बायकांचे असतात. आमच्याकडं भांगलणीचा रोज ३०० रुपयांच्या आसपास आहे, तोही पिकातल्या तणासाठी. बांधाचं, पाणंदीचं, गायरानाचं गाजर गवत काढायला रोज कोण देणार? ते फुकट धरलेलं असतं. मोहिमेच्या खर्चात बॅनर असतो, चहा असतो, गाडीचं डिझेल असतं. बायकांचा रोज आणि चाळीस जोड हातमोजे त्यात धरा.

मी स्वतः एक उद्योग करून बसले आहे, तो सांगते आणि थांबते. २०२१ चा पूर ओसरल्यावर आमच्या ओढ्याकडेच्या बांधावर गाळ बसला आणि त्यात गाजर गवताखेरीज काही उगवेना. पुढच्या वर्षी मी साधारण शंभर फुटांचा तुकडा दोन खुंट्या ठोकून आखून घेतला. ठरवलं, इथं एकाही झाडाला फूल येऊ द्यायचं नाही. दर पंधरा दिवसांनी जाते, जुन्या साडीच्या पट्ट्या हाताला गुंडाळते, उपटते, पाटीत भरते, वाफ्यापासून लांब खड्ड्यात पुरते. पाट्या मोजून वहीत लिहिते. पहिल्या वर्षी १४ पाट्या, दुसऱ्या वर्षी ९, तिसऱ्या वर्षी ४. तिसऱ्या वर्षी मधल्या भागात आघाडा आणि हराळी परत आली, मी लावली नव्हती. चौथ्या वर्षी ५. का वाढलं, ते मला नीट कळत नाही. शेजारच्या बांधावरून बी येतं असावं, किंवा जमिनीतलं जुनं बी वर आलं असेल, किंवा हिवाळ्यातल्या दोन खेपा माझ्या मुलीच्या बाळंतपणात चुकल्या त्याचं हे. भुंगे कधी दिसले तेही तारखा टाकून लिहिलंय, पण भुंगे मोजायचे कसे ते मला येत नाही.

हे तुम्हाला येतं. वही मी देते, तुकडा दाखवते, जेवण आमच्याकडं. बॅनर आणू नका. एकदा येऊन जाऊ नका, तीन वर्षं या, त्याच तुकड्यावर, आणि ओढ्यापलीकडच्या दोन-चार बांधांवरही खुंट्या ठोकायला मला मदत करा. त्या बायकांशी मी बोलून ठेवलंय. फक्त मृगाच्या आधी कळवा, म्हणजे खुरप्यांना धार लावून ठेवते.

आपली,
कृष्णाकाठची एक भांगलणारी